बांधून ठेवलेला खांदा

आमच्या मोठेबाबांना, म्हणजे भगवंतरावांना, बैलाच्या खांद्यातलं जेवढं कळतं तेवढं जगातलं दुसरं काही कळत नाही, असं माझी मोठीआई दुर्गाबाई सांगते. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको असं सांगते म्हणजे त्यात तथ्य असणार. मोठेबाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मूर्तिजापूरपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, काळी जमीन, कपाशी आणि तूर. दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लागून. मी प्रणाली, अकोल्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे, गुडघे आणि कमरा हलवून देते आणि त्यांच्या शिव्या खाते. म्हणजे खांद्याचे जाणकार आमच्या घरात दोन. तरी आमच्याच घरातला एक खांदा तीन महिने बांधून राहिला आणि दगड झाला, त्याची ही हकिकत.

गावात आता ट्रॅक्टर उदंड आणि बैलजोड्या जेमतेम अकरा. त्यातली एक मोठेबाबांची. संध्याकाळी जू उतरवलं की ते आधी बैलाच्या खांद्यावर हात ठेवतात. तळवा नाही, हाताची मागची बाजू. कढत लागतंय का ते तिथे लवकर कळतं म्हणतात. मग बैलांना पाणी, मग वैरण, मग स्वतःचा चहा. हा क्रम मी जन्मल्यापासून पाहते आहे, आणि त्यात मोठीआईचा नंबर कुठे लागतो हे मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही.

एकदा पातूरकडचे एक मोतीराम बैल टेम्पोत घालून घेऊन आले होते. बैलाचा खांदा तळहाताएवढा सुजलेला. मोठेबाबांनी सुजेवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "जू दाखव." टेम्पोतलं जू खाली काढलं. त्यांनी त्यातली शिवळ, म्हणजे मानेच्या बाजूची खुंटी, हलवून पाहिली. "बैल चांगला हाय. शिवळ तिरपी हाय तुही. बैलाले काय बोट लावतं, खुटी नीट कर." मोतीराम चहा पिऊन, बैल घेऊन परत गेले. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, खांदा भरला म्हणून.

मोठेबाबांचा एक नियम होता आणि त्यावरून त्यांनी निम्म्या गावाशी भांडण केलेलं आहे. खांदा आलेल्या, म्हणजे जुवानं खांदा सुजलेल्या, बैलाचं जू उतरवलं म्हणजे उतरवलं. सूज जाऊ द्यायची, कातडी धरू द्यायची, तिच्यावर केस येऊ द्यायचे, मगच पुन्हा जुंपायचं. घाई केली तर बैल जन्माचा गेला. नियम बरोबरच आहे. जू बसतं ते मानेवरच्या कातडीवर आणि मांसावर. तिथे सांधा नाही. मांसाला आणि कातडीला विसावा दिला की ते भरून येतात.

आषाढात मोठीआई न्हाणीत घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. मूर्तिजापूरला नेलं, फोटो काढला, हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी हात झोळीत अडकवून दिला. आठ दिवस झोळी, मग हळूहळू हात हलवायला लागा, असं सांगितलं. मोठेबाबा तेव्हा एक्स-रेचा फोटो खिडकीशी धरून पाहत होते. झोळी त्यांनी ऐकली. पुढचं ऐकलं नाही.

घरी आल्यावर त्यांना ती दवाखान्यातली निळी झोळी पटली नाही. जुन्या धोतराची मऊ पट्टी फाडली आणि मोठीआईचा हात अंगासरशी बांधला. सकाळ-संध्याकाळ तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं खांदा शेकायला सुरुवात केली. आणि नियमाप्रमाणे जू उतरवलं. चहा ते करायला लागले, भाकरी ते टाकायला लागले. पहिल्या आठवड्यातल्या भाकरी बैलांनीही नाकारल्या असं माझी आई सांगते, पण पुढे हात बसला. भांडी घासायचे, झाडायचे, मोठीआईची वेणी घालायचे. त्यांची वेणी दाव्यासारखी घट्ट होत असे, सुटायचं नाव नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायची आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशी त्यांनी बैलांचे चार खांदे शेकले आणि उरलेलं तूप घेऊन आत आले. पाचवा मोठीआईचा.

मुलगा अंकुर अमरावतीला नोकरीला, तो फोनवर विचारायचा. मोठेबाबा सांगायचे, दुखणं अजून आहे, अजून सोडलं नाही. दुखत होतं ते बांधून ठेवल्यामुळे, आणि दुखतं म्हणून ते सोडत नव्हते. माझे आईवडील भिंतीपलीकडे. त्यांनी हे रोज पाहिलं आणि काही म्हटलं नाही. खांद्याच्या बाबतीत भगवंतरावांना कोण शिकवणार? मलाही फोनवर एवढंच कळलं की मोठीआई पडली होती, हाड मोडलं नाही, आता बरी आहे. मी पेशंटच्या गर्दीत होते. मीही जास्त विचारलं नाही.

दसऱ्याला घरी गेले. मोठीआई मला ओवाळायला आली आणि तिनं डाव्या हातानं ओवाळलं. जी बाई डाव्या हातानं कोणाला पाणी देत नाही, ती डाव्या हातानं ओवाळते आहे म्हटल्यावर मी तिचा पदर बाजूला केला. उजवा हात अंगाशी बांधलेला. सोडला, वर करायला सांगितलं. हात अंगापासून जेमतेम सत्तर अंश उचलला, तोही अख्खं खांद्याचं पातं कानाकडे ओढून. बाहेरच्या बाजूला तर वळेचना. केसापर्यंत हात जाईना, पाठीमागे जाईना, स्वतःच्या तोंडात घास जाईना.

"कवापासून बांधला?" मी विचारलं.

"पडली तवापासून," मोठेबाबा म्हणाले. चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "एक दिस बी सोडला नाई."

माझा स्वभाव वाईट आहे. सणाचा दिवस, ताटं वाढलेली, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मोठेबाबा, तुमी मोठीआईचा हात वाया घालवला. ती बैल नाई." ते पानावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. मोठीआई खाली मान घालून डाव्या हातानं भात कालवत राहिली.

पुढच्या सोमवारी दोघं पॅसेंजरनं अकोल्याला आली. माझ्या टेबलावर खांद्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा असतो. मोठेबाबांनी तो उचलला आणि फिरवून फिरवून पाहिला.

"हे कोणतं हाड?"

"हासळीचं. छातीपासून खांद्यापर्यंत जातं."

"बैलाले नसते हे," ते म्हणाले. "बैलाचा पुढचा पाय आंगाले निस्ता मासानं टांगला असते."

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. त्यांना हातानं कळलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यांचं कौतुक केलं असतं. त्या दिवशी मी रागात होते. मी त्यांच्या हातात सांध्याचे दोन्ही भाग दिले, दंडाच्या हाडाचा गोळा आणि पात्याची वाटी. त्यांनी गोळा वाटीत बसवून पाहिला, तो घसरला. पुन्हा बसवला, पुन्हा घसरला.

"हे त ठरूनच नाई राहिलं."

"नाईच ठरत. वाटी बशीएवढी उथळ आहे. बशीत लिंबू ठेवल्यासारखं. म्हणून तर माणसाचा हात डोक्यावर जातो, पाठीवर जातो, चहूकडे फिरतो. बैलाच्या पायाला मागेपुढे जायचं असतं, बस. आपल्या वाटीत खोली नाही, म्हणून पात्यावरून निघालेले चार छोटे स्नायू त्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवतात. आणि त्यांच्या आत ही अशी पिशवी."

पिशवी दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्याच हातातली कापडी थैली घेतली. हात खाली असला की सांध्याच्या पिशवीला काखेच्या बाजूला एक घडी पडते. हात वर गेला की ती घडी उघडते. दिवसातून शंभरदा उघडली पाहिजे. तीन महिने उघडलीच नाही तर घडीचे पदर एकमेकांना चिकटतात, पिशवी आटते, जाड होते, आणि मग गोळा वाटीत फिरायला जागाच उरत नाही.

"मंग मी बांधलं म्हणून चिकटलं," मोठेबाबा म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

एवढं खरं नव्हतं. मोठीआईला आठ वर्षांपासून साखर आहे, आणि साखरेच्या माणसाचा खांदा न बांधताही असा धरतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं दोन महिन्यांनी. त्या दिवशी त्यांनी सांगाडा टेबलावर ठेवला, हात धोतराला पुसले आणि विचारलं, "हात येईन का?"

मी म्हणाले, सांगता येत नाही. वर्ष लागेल. येईल, अर्धा येईल, किंवा भूल देऊन सोडवावा लागेल, आणि साखर असताना ते मला नको आहे. मोठीआई टेबलावर बसून आमचं ऐकत होती. तिचं वय बासष्ट. उजव्या हाताशिवाय तिनं काय करायचं हा प्रश्न तिघांनाही पडला होता.

आठवड्यातून दोनदा ती माझ्याकडे यायची. बाकीचे दिवस घरी व्यायाम. वाकून उभं राहायचं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या धरायचा आणि हात सैल सोडून झुलवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम दुसऱ्या माणसाचं होतं. एका हातानं तिचं पातं दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं तिचा दंड वर न्यायचा, दुखेल तिथे थांबायचं नाही, थोडं पुढे जायचं, आणि मग दहा आकडे मोजायचे. दिवसातून तीनदा. घरात दुसरा माणूस एकच होता.

"माह्यानं नाई होत," मोठेबाबांनी चौथ्या दिवशी फोनवर सांगितलं. "ते रडते."

"रडू दे. तुमी बैलाच्या खांद्यावरची गाठ चिरता ना?"

"बैलाची गोष्ट येगळी हाय."

"तेच सांगत होते मी दसऱ्याला," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आज लिहितानाही मला त्या वाक्याचा त्रास होतो.

पुढे काय झालं ते माझ्या आईनं भिंतीपलीकडून ऐकलं. मोठीआई म्हणाली, "ओढा. मी कितीबी रडो, तुमी ओढा." आणि मोठेबाबांनी ओढला. भिंतीकडे तोंड करून ओढायचे म्हणे, आणि आकडे इतके भरभर मोजायचे की दहा मोजून होईपर्यंत तीन सेकंदही होत नसत. मोठीआईच म्हणायची, हळू मोजा.

कार्तिकात हात नव्वदपर्यंत आला आणि तिथे अडकला. तीन आठवडे जागचा हलेना. मी नाना तऱ्हा करून पाहिल्या. एका सकाळी मोठेबाबांचा फोन आला.

"पोरी, तू म्हणतं पातं धर. पण मी धरायच्या अगोदर ते निघून जाते. पातं पयले निघते, हात मंग. हात वर गेल्यासारखा दिसते, पण आतला गोळा हालूनच नाई राहिला. खालच्या टोकाले धरून पाहू का?"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. चांगल्या खांद्यात हात तीन भाग वर जातो, त्यातले दोन भाग सांध्यातून आणि एक भाग पात्यातून. आखडलेल्या खांद्यात पातं आपला वाटा आधीच देऊन टाकतं आणि आपण फसतो. मी पट्टी लावून कोन मोजत होते आणि फसत होते. मी पात्याला वरून दाबत होते. त्यांनी ते खालच्या टोकाला, काखेमागे, बोटाच्या चिमटीत धरायचं ठरवलं होतं. मी "धरा" म्हणाले. पुढच्या पंधरा दिवसांत हात एकशे दहापर्यंत गेला. त्यानंतर मी माझ्या तीन पेशंटना पातं असंच धरायला शिकवलं आहे, आणि कोणी शिकवलं असं विचारलं तर मोठेबाबांचं नाव सांगते.

ते मात्र खुलले नाहीत. माणूस आधीच कमी बोलणारा, त्यात दसऱ्यापासून गावातल्या कुणाच्या बैलाला हात लावला नाही. शेजारच्या खेड्यातून एक जण खांदा आलेला गोऱ्हा घेऊन आला, तर म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाई आता." मला आईनं हे सांगितलं तेव्हा मी साखरेची गोष्ट त्यांना फोडून सांगितली. दोष सगळा तुमचा नाही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. "पण बांधलं त म्याच," एवढंच म्हणाले.

चैत्रात मी गावी गेले. स्वयंपाकघरात मोठेबाबा पाटावर बसून परातीत भाकरी थापत होते, तवा खालच्या शेगडीवर. मी मोठीआईला दाराशी उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. हात गेला. कान ओलांडून गेला, पातं आपल्या वेळेला निघालं, दाराच्या चौकटीला बोटं लागली. पट्टी लावली. एकशे पासष्ट. पाठीमागे न्यायला सांगितला, कमरेच्या वर चार बोटं गेला. माझा स्वतःचा याच्या फार पुढे जात नाही.

"आला," मी म्हणाले. "मोठीआई, तुझा हात आला."

मोठेबाबांनी थापणं थांबवलं. पिठाचे हात तसेच वर धरून ते म्हणाले, "माह्या हातून पाप झालं होतं. सुटलो." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, माझे आजोबा गेले तेव्हाही नाही.

मोठीआईनं हात खाली घेतला. पदर सारखा केला. मग पुन्हा सारखा केला.

"पाप-बिप काई नाई," ती म्हणाली. "डॉक्टर आठ दिवस म्हणाला होता. ते म्या आयकलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मोठेबाबांनाही नाही.

"काय आयकलं होतं?"

"का आठ दिवसानं हात सोडा, हलवा म्हणून. तुमी तो फोटो पाहून राहिले होते खिडकीत. म्या आयकलं."

"मंग बोलली काहून नाई?"

ती दारातच खाली बसली. "तुमी घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकायी चहा आणून देल्ला. जागेवर. या घरात आली तवापासून मले कोणी जागेवर चहा नवता देल्ला. म्या म्हटलं, आठाचे बारा दिवस करू. बाराचे पंधरा झाले. मंग म्या म्हटलं पोळा होऊ दे. मंग हात खराच उचलेना, तवा भेव लागलं. पण आता काय सांगू आन कोणाले सांगू. हे पोरगी तुमाले बोलली सणाच्या दिवशी, तवा सांगाले पायजे होतं. तोंड नाई उघडलं माह्यं." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी दोघंबी रागवा."

मी काय रागावणार? सहा महिने मी ज्या माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते, तो माझ्यासमोर पिठाच्या हातांनी बसला होता. आणि जिची बाजू घेऊन भांडले तिला मी एकदाही विचारलं नव्हतं, की हात का नाही सोडलास. मला लाज वाटली. अजून वाटते.

मोठेबाबांनी हातांचं पीठ परातीत झाडलं. मग म्हणाले, "मले सांगतलं असतं, का मी थकली, मले बसू द्या, त म्या असाच देल्ला असता चहा."

"देल्ला असता?" मोठीआईनं विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मोठेबाबा खोटं बोलत नाहीत. त्यांनी विचार केला.

"नाई," ते म्हणाले. "नसता देल्ला."

मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. आम्ही तिघं जेवलो. मी संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परत आले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, "हे दुसऱ्या खांद्याले बी होते का?"

"होऊ शकतं. साखर असली की डावाही धरतो कधी कधी."

"मंग दुखाच्या अगोदर कसं वळखाव?"

मी सांगितलं. मागे उभं राहायचं, दोन्ही पात्यांच्या खालच्या टोकांवर हात ठेवायचे, तिला दोन्ही हात वर करायला सांगायचे. ज्या बाजूचं पातं घाईनं निघेल, त्या खांद्याकडे लक्ष द्यायचं.

"रोज पाहाव लागते?"

"रोजची गरज नाही. पण पाहिलं तर बरंच."

"पाहीन," ते म्हणाले. फोन बंद करायचं त्यांना नीट जमत नाही, तो सुरूच राहिला. मला त्यांचा आवाज ऐकू आला, "अवं, इकडे ये. बस इथं."

"भाजी राहिली माही."

"राहू दे. बस."